पिल्लं सापडली की तारीख मोजा: कोकणात वाडी सांभाळायला आलेल्यांसाठी उंदरांच्या विणीची ओळख

मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस पडायच्या आत नारळाची सोडणं (वरची सालं) मांगरात, म्हणजे वाडीतल्या खोपीत, रचून घ्यावीत म्हणून तुम्ही ढीग उपसायला घेता. तळाशी काथ्या, फाटकं गोणपाट आणि प्लास्टिकच्या चिंध्या यांचं घरटं निघतं. त्यात बोटाच्या पेराएवढी आठ गुलाबी पिल्लं. अशा वेळी बहुतेक जण पिल्लं गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) फेकतात आणि काम उरकलं म्हणून चहा प्यायला जातात. मुंबईतली नोकरी आटोपून कुडाळ तालुक्यातल्या घरी येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते, तेव्हा मीही तेच केलं. शेजारचे आबा गडग्यावरून बघत होते. म्हणाले, "पिल्लां टाकलंस, पण तेंची आवस खंय गेली ता बघलंस?"

ती आई गेली होती कौलांत. पोटात पुढचं वेत घेऊन गेली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. या लेखात मी तेवढंच सांगणार आहे. उंदरीण कधी माजावर येते, किती दिवस गाभण असते, पिल्लं कधी घरटं सोडतात हे ठाऊक असेल, तर पिंजरा कधी लावायचा आणि शेतात कधी उतरायचं हे आपोआप कळतं. ठाऊक नसेल तर वर्षभर औषधाच्या पुड्या आणत बसाल.

आधी उंदीर कुठला ते ठरवा

आपल्याकडे दिसेल त्याला उंदीर म्हणतात, पण वाडीत निदान चार वेगळे भाडेकरू असतात. कौलांत, माळ्यावर आणि माडाच्या शेंड्यात राहतो तो घरउंदीर. अंगाने सडपातळ, कान मोठे, आणि शेपूट डोकं-धड मिळून होणाऱ्या लांबीपेक्षा लांब. चढण्यात पटाईत. दुसरा शेतातल्या मेरेत (बांधात) बीळ करणारा. हा आखूड तोंडाचा, जाडसर, शेपूट अंगापेक्षा आखूड, आणि चिडला की फिस्कारतो. प्राणिशास्त्राच्या हिशेबात हा घुशीचाच धाकटा भाऊ. तिसरी खरी घूस, जी न्हाणीच्या मोरीजवळ आणि घराच्या जोत्याखाली माती उकरते. चौथा पिटुकला उंदीर, जो कपाटात, पुस्तकांत, कडधान्याच्या डब्यामागे सापडतो.

पाचवी चिचुंद्री, पण ती उंदीर नव्हेच. ती कुरतडणाऱ्या प्राण्यांत मोडत नाही. झुरळं, किडे खाते. तिचा गर्भकाळ महिन्याच्या आसपास असतो, आणि पिल्लं एकमेकांच्या शेपटीकडचा भाग तोंडात धरून आईमागे आगगाडीसारखी रांगेत चालतात. वास मारते हे कबूल. तरीही तिला मारू नका, घरात झुरळं कमी राहतील.

ही ओळख पटल्याशिवाय पुढची पायरी व्यर्थ आहे. घरउंदराचं घरटं वर असतं, मेरेतल्याचं जमिनीखाली. मी पहिल्या पावसाळ्यात माडावरच्या उंदरासाठी बिळं शोधत फिरलो होतो.

पोटातले बावीस दिवस

उंदरीण दर चार-पाच दिवसांनी माजावर येते. नराला जवळ करते तो काळ काही तासांचाच असतो, बहुधा रात्रीचा. पण चक्र इतकं भराभर फिरतं की एक संधी चुकली तरी पुढची आठवडाभरात येतेच. एकाच रात्री ती एकाहून जास्त नरांना जवळ करू शकते, त्यामुळे एका वेतातली पिल्लं वेगवेगळ्या बापांची असणं यात नवल नाही.

गर्भकाळ 21 ते 23 दिवसांचा. पिटुकल्या उंदराचा त्याहून थोडा कमी, 19 ते 21 दिवस. घरउंदराच्या एका वेतात साधारण सहा ते आठ पिल्लं होतात. मेरेतला उंदीर याहून दांडगा, त्याच्या वेतात दहा-बारा पिल्लंही निघतात. गर्भकाळ आणि पिल्लांच्या वाढीचे पुस्तकातले बारीकसारीक आकडे बहुतेक प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरावरून आलेले आहेत. तो गटारात राहणाऱ्या तपकिरी उंदराचा वंशज. तेव्हा आपल्या कौलातल्या उंदराला हे आकडे लावताना एक-दोन दिवस इकडेतिकडे धरा.

खरी मेख पुढे आहे. पिल्लं होऊन एक दिवस उलटायच्या आत उंदरीण पुन्हा माजावर येते. नर जवळ असला तर ती त्याच रात्री पुन्हा गाभण राहते. म्हणजे अंगावर आठ पिल्लं दूध पीत असतात आणि पोटात पुढची आठ वाढत असतात. अंगावर पिणारी पिल्लं पुष्कळ असली तर पोटातला गर्भ लगेच रुजत नाही, काही दिवस थांबून राहतो, आणि दुसरं वेत त्या मानाने लांबतं. गाय व्याल्यावर आपण दोन-तीन महिने तरी वाट बघतो. इथे एक रात्रही जात नाही.

उलट बाजूही आहे. खायला मिळेनासं झालं, मादी हडकली, तर गर्भ पोटातच जिरतात. वेत लहान होतं किंवा होतच नाही. म्हणून उंदराची वीण कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे त्याचं खाणं तोडणं. ते किती कठीण आहे ते पडवीत भाताची रास असलेल्यालाच कळेल.

घरट्यावरून तारीख काढायची

घरटं सापडलं की आधी थांबा. आत काय दिसतं ते नीट बघून घ्या, कारण त्यावरून दिवस मोजता येतात.

पिल्लं लालसर गुलाबी, केस नाहीत, डोळे बंद, कान डोक्याला चिकटलेले असतील, तर ती चार दिवसांच्या आतली आहेत. पोटाच्या पातळ कातडीतून दुधाचा पांढरा ठिपका दिसत असेल तर आई थोड्या वेळापूर्वीच पाजून गेलेली आहे आणि जवळच आहे. अंगावर मखमलीसारखी लव आली असेल तर आठवडा झाला. डोळे साधारण चौदाव्या दिवशी उघडतात. डोळे उघडलेली, घरट्याबाहेर डोकावणारी पिल्लं म्हणजे दोन ते तीन आठवड्यांची. तीन आठवड्यांनंतर ती आईसोबत बाहेर खायला लागतात, आणि चार आठवड्यांनी दूध तुटतं.

आता उलटा हिशेब. आज 28 मे आहे आणि पिल्लं अगदी गुलाबी आहेत, तर त्यांची आई बहुधा दोन-तीन दिवसांमागे पुन्हा गाभण राहिलेली आहे. पुढचं वेत जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. त्याच्या आत ती तुमच्या पिंजऱ्यात आली पाहिजे. मांगराच्या भिंतीवर खडूने ही तारीख लिहून ठेवा. मी अजून लिहितो. पाहुण्यांना वाटतं गॅस सिलिंडरची नोंद आहे.

घरटं उघडून, बघून, "उद्या बघू" म्हणत पुन्हा झाकून ठेवू नका. हलवाहलवीचा वास आला की आई पिल्लांना एकेक करून तोंडात धरते आणि बहुधा त्याच रात्री दुसरीकडे नेते. जे करायचं ते त्याच वेळी करा. घरट्याला हात लावण्याआधीच पिंजरा आणून ठेवा आणि घरटं हलवल्या हलवल्या तो त्याच जागी लावा. आई परत येतेच.

पिल्लांचं काय? आईवाचून ती जगत नाहीत. गडग्यापलीकडे फेकली तर कावळा येईपर्यंत उन्हात तडफडत राहतात. मारायचीच असतील तर एका घावात संपवा. ज्याला ते जमत नाही त्याने जमणाऱ्याला बोलवावं, त्यात कमीपणा नाही. गणपतीचं वाहन आहे म्हणून माझी काकी अजून नमस्कार करते, आणि मगच मला फावडं देते.

पिंजऱ्यात आलेली मादी वाचायची

पिंजऱ्यात भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तुकडा घाला. सुका बांगडाही चालतो, पण मग घरातलं मांजर रात्रभर पिंजऱ्याभोवती फेऱ्या मारतं. पहिले दोन दिवस पिंजऱ्याचं दार बांधून उघडंच ठेवा आणि आत खोबरं ठेवत जा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. दोन दिवस सुखरूप खाऊन गेला की तिसऱ्या दिवशी दार मोकळं करा.

सकाळी पिंजरा उघडण्याआधी सळ्यांतून पोट बघा. नराचे वृषण मोठे असतात, शेपटीखाली लगेच दिसतात. मादी असेल तर तीन गोष्टी बघायच्या.

पोट मागच्या बाजूला पेरूसारखं फुगलेलं असेल तर ती गाभण आहे, निदान दोन आठवडे झालेली. त्याआधी बाहेरून काही कळत नाही. असं पोट पिंजऱ्यात आलं तर दिवस सार्थकी लागला.

आचळं लांबलेली, भोवतीचे केस झडून कातडी उघडी पडलेली असेल तर ती दूध पाजणारी आहे. याचा अर्थ जवळपास कुठेतरी पिल्लं आहेत. त्या दिवशी इतर कामं बाजूला ठेवा आणि घरटं शोधा: पोटमाळ्यावरची जुनी गादी, चुडतांचा (माडाच्या झावळ्यांचा) ढीग, आंब्याच्या रिकाम्या खोक्यांतला पेंढा, गडग्यातली चिऱ्यांची फट. नाही सापडलं तर आईवाचून पिल्लं मरतात आणि आठवडाभर घरात दुर्गंधी येते. पिल्लं तीन आठवड्यांची झालेली असतील तर मात्र मरत नाहीत, फक्त आईचं घर त्यांच्या नावावर होतं.

पोट सपाट, आचळं केसांत लपलेली, तर ती कोवळी मादी. दोन-अडीच महिन्यांची असेल. तीही लवकरच माजावर येणार आहे.

पिंजरा पुन्हा कधी लावायचा याचं उत्तरही इथेच आहे. पहिल्या फेरीच्या वेळी जी पिल्लं घरट्यात होती ती बाहेर आलेलीच नव्हती, त्यामुळे पिंजऱ्यात सापडणार कशी? म्हणून तीन आठवड्यांनी दुसरी फेरी, आणखी तीन आठवड्यांनी तिसरी. पहिल्या फेरीनंतर घर शांत झालं म्हणून पिंजरा उचलून ठेवणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

कागदावरचं गणित

एक जोडी वर्षात हजारो उंदीर करते असं तुम्ही ऐकलं असेल. तसं होत असतं तर आपल्याला उभं राहायला जागा उरली नसती. रानातला उंदीर फारतर वर्षभर जगतो. धामण, घुबड, मांजर, रानमांजर आणि पाऊस यांत पुष्कळ पिल्लं जातात. तरीही एक छोटा हिशेब मांडून बघा.

समजा मेरेत एक गाभण मादी आणि एक नर आहे. मादी 20 जूनला व्याली, मग दर सहा आठवड्यांनी एक वेत. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या तारखेला दुसरं, सप्टेंबरच्या मध्याला तिसरं, ऑक्टोबरअखेर चौथं. दर वेती आठ पिल्लं धरली तर बत्तीस झाली. जूनच्या वेतातल्या चार मुली तीन महिन्यांत वयात येतात आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात व्यायतात, आणखी बत्तीस. जोडीसकट एकूण सहासष्ट.

खाणं कमी पडणार नाही आणि एकही पिल्लू मरणार नाही असं धरलेला हा कागदी आकडा आहे, निम्मे मेले तरी काय घ्यायचं ते घ्या. 15 जूनला ती एक मादी मारली असती तर चौसष्ट उंदीर जन्मालाच आले नसते. ऑक्टोबरात तेवढेच मारायचे तर गावातली सगळी पोरं काठ्या घेऊन उतरवावी लागतील, आणि तरी उरलेल्यांना जागा आणि खाणं जास्त मिळून त्यांची वीण भरात येईल. आबांच्या या वाक्याची मला तेव्हा गंमत वाटली होती: "उंदीर दिसलो की मारूचो नाय, दिसाच्या आदी मारूचो."

शेतात कधी उतरायचं

भातातल्या उंदराची वीण भाताच्या वाढीला बांधलेली असते. लावणीनंतर कोवळ्या रोपांवर तो तग धरून असतो. भात पोटरीला आलं (लोंबी बाहेर पडायच्या बेतात आली), दाण्यात दूध भरू लागलं की माद्यांचं पोट भरतं आणि त्या गाभण राहू लागतात. कापणीपर्यंत पिल्लं हिंडती-फिरती होतात. आपल्याकडे गणपती येतात तेव्हा भात पोटरीच्या आसपास असतं. आपण मोदक खातो तेव्हा शेतात उंदरीणही कोवळ्या लोंबीवर ताव मारत असते. याचा अर्थ शेतातलं काम चतुर्थीच्या आधी व्हायला हवं. चतुर्थीनंतर नुकसान दिसतं, बुंध्यापाशी तिरपे कापलेले फुटवे दिसतात, मग माणसं धावतात.

सगळ्यात चांगली संधी जूनमध्ये असते. कुणग्यात (भाताच्या खाचरात) पाणी भरलं की उंदीर उंचवट्यावर येतात, मेरेत, गडग्यात, वाटेच्या कडेला. तेव्हा संख्या वर्षातली सगळ्यात कमी आणि जागा ठरलेल्या. संध्याकाळी दिसतील ती सगळी बिळं चिखलाने बुजवा आणि सकाळी जाऊन बघा. पुन्हा उघडलेलं बीळ तेवढं वसलेलं. बाकीच्यांवर श्रम घालू नका. मेरेतला उंदीर स्वतःच बिळाचं तोंड मातीने बंद करतो, त्यामुळे उघडं भोक शोधण्यापेक्षा भुसभुशीत ताज्या मातीचे ढिगारे शोधा.

बिळं खणणं ही कला आहे. रायगडाकडची कातकरी मंडळी यात निष्णात. कुठलं तोंड पळायचं, कुठलं कोठाराचं हे मातीवरून ओळखतात, उंदीरही खातात आणि त्याने साठवलेलं भातही काढतात. या उंदराला साठवायची खोड आहे, एकेका बिळात लोंब्यांचे भारेच्या भारे सापडतात. आमच्या इथे खणणारं कुणी नाही, म्हणून आम्ही बिळात पाणी सोडतो आणि दुसऱ्या तोंडाशी काठी घेऊन उभे राहतो. जमतं, पण कंबर मोडते.

मेर जितकी रुंद तितकं बीळ सुखाचं. चिखलणीच्या वेळी मेरा तासून फूटभराच्या आत ठेवल्या तर त्यात घरटं मावत नाही. चालायला त्रास होतो, तो सोसावा.

हे एकट्याने करून मात्र भागत नाही. तुमचा कुणगा साफ आणि शेजारचा पडीक, तर आठवड्यात तिकडचे इकडे. वाडीतल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात उतरलं पाहिजे. आणखी एक गोष्ट गावच्या बैठकीत काढावी अशी आहे: एकाच मळ्यात कुणाचं हळवं (लवकर पिकणारं), कुणाचं निमगरवं (मधल्या मुदतीचं), कुणाचं गरवं (उशिरा पिकणारं) असलं की पोटरी सप्टेंबरात सुरू होते आणि नोव्हेंबरापर्यंत कुठे ना कुठे दाणा भरत राहतो. उंदराला दोन महिने पंगत. विणीचा हंगाम तेवढाच लांबतो. सगळ्यांनी जवळपास एकाच मुदतीचं भात लावलं तर तो आखडतो. पाठोपाठ वायंगणाचं (पाण्यावरचं उन्हाळी) भात करत असाल तर उंदराला वर्षातून दोन हंगाम मिळतात हे धरून चाला, आणि डिसेंबर-जानेवारीत जूनचीच कामं पुन्हा करा.

खाण्यावर वीण किती अवलंबून असते ते बघायचं तर मिझोरामकडे बघावं. तिथला बांबू साधारण 48 वर्षांनी एकदम फुलतो, डोंगरभर बी पडतं, आणि उंदरांची वेतामागून वेतं होतात. बी संपलं की ते शेतात उतरतात. 1959 मध्ये यातूनच दुष्काळ पडला, 2007 च्या सुमारास पुन्हा तेच झालं. आपल्याकडची म्हातारी माणसं बांबू फुलला की दुष्काळ येणार म्हणतात, ते निव्वळ अंधश्रद्धेतून आलेलं नाही.

माडावरचा बिऱ्हाडकरू

माडाखाली सकाळी कोवळी फळं पडलेली दिसतात, देठाजवळ गोल भोक. हे घरउंदराचं काम. माडाच्या शेंड्यात त्याला घर, पाणी आणि खाणं एकाच जागी मिळतं. भाताला हंगाम असतो, माडाला नाही, म्हणून इथली वीण बारमाही चालते. त्यामुळे माडाला तारीख नाही, अडथळा लागतो.

खोडाला जमिनीपासून दोन मीटर उंचीवर सुमारे 40 सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळून ठोका. उंदराच्या नख्या त्यावर ठरत नाहीत. पत्रा ठोकण्याआधी शेंडा साफ करून घ्या, नाहीतर आत असलेली मादी वरच व्यायची आणि पत्रा तिच्याच रक्षणाला लागायचा! आमच्या पाडेल्याने (नारळ उतरवणाऱ्याने) हे सांगितलं नसतं तर मी तेच केलं असतं. दुसरी अट अशी की एका माडाची चुडतं दुसऱ्या माडाला टेकता कामा नयेत. माडांत साडेसात मीटरचं अंतर ठेवायला सांगतात त्याचा हा एक फायदा. आमच्या आजोबांनी जागा दिसेल तिथे कवाथे (माडाची रोपं) लावले, त्यामुळे आमच्या वाडीत उंदीर जमिनीला पाय न लावता या टोकापासून त्या टोकाला जातो. अशा वाडीत पत्र्याचे पैसे वाया.

तिथे मग ब्रोमॅडिओलोन या उंदराच्या विषाच्या मेणाच्या वड्या वर शेंड्यात ठेवतात, दर पाच माडांतल्या एका माडावर, आणि 12 दिवसांनी पुन्हा एकदा. पत्रा, वड्या यांबद्दल शंका असेल तर रत्नागिरीजवळ भाट्ये इथे नारळ संशोधन केंद्र आहे. ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं. तिथे विचारलंत तर नीट सांगतात.

घर

कापणी झाली की शेतातली नवी पिढी पेंढ्याबरोबर खळ्यात येते. उंदराला अर्ध्या इंचाची फट पुरते, पिटुकल्याला पाव इंचाची. म्हणून वाशांच्या टोकाशी, कौलांखाली पाव इंचाहून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी मारा. नायलॉनची नको, ती कुरतडून तिचंच घरटं करतात. आंब्या-फणसाच्या फांद्या कौलांपासून चार-पाच फूट तोडा. पेंढ्याची उडवी घराला लागून रचू नका. कणगा जमिनीवर न ठेवता पायावर उचलून ठेवा. आणि सोडणांचा, चुडतांचा ढीग महिन्यातून एकदा हलवा. महिन्याचा हिशेब विणीवरूनच आला आहे: गाभण राहण्यापासून पिल्लं पळती होईपर्यंत सहा आठवडे लागतात, त्याच्या आत ढीग हलला तर तिथे वेत पार पडत नाही.

औषध, अगदी शेवटी

पहिल्या वर्षीची माझी करामत सांगतो. चतुर्थीला घर भरणार म्हणून मी झिंक फॉस्फाइड आणून पिठात कालवलं आणि पहिल्याच रात्री माळ्यावर ठेवलं. दोन उंदरांनी थोडं चाखलं. एक मेला, दुसरा आजारी पडून वाचला. त्यानंतर महिनाभर एकाही उंदराने त्या पिठाला तोंड लावलं नाही. मेलेला होता माटवीच्या (गणपतीवर बांधलेल्या मंडपीच्या) बरोब्बर वर, भिंत आणि वाशाच्या सांध्यात. आरतीला पाहुणे धुपाचं कौतुक करत होते, आम्ही जरा जास्तच धूप जाळत होतो.

झिंक फॉस्फाइड वापरायचंच तर आधी दोन-तीन दिवस औषधाशिवायचं खाणं ठेवून उंदराला सवय लावावी लागते, आणि एकदा वापरलं की लगेच पुन्हा तेच चालत नाही. ब्रोमॅडिओलोन हळू मारतं, चार-पाच दिवसांनी, त्यामुळे उंदराला संशय येत नाही. पण तो उंदीर खाल्लेलं घुबड किंवा मांजरही त्या विषाने मरू शकतं. घुबड मेलं की पुढच्या वर्षीच्या वेतांना रखवालदार नाही. कुत्र्याने वडी खाल्ली तर पाकीट घेऊन लगेच पशुवैद्याकडे जा, यावर व्हिटॅमिन के देऊन इलाज होतो. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. ट्यूबमध्ये मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नका, तिने माणसाचं यकृत निकामी होतं. बिळात धुरी देणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्याही आपलं काम नव्हे. चिकट पाटीवर उंदरापेक्षा पालीच जास्त सापडतात, आणि चिकटलेली मादी तिथेच व्यालेली मी बघितली आहे, त्यानंतर पाटी आणली नाही.

हात

हे सगळं करताना मोजे घाला. उंदराच्या मुतातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू पाण्यात, चिखलात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, हाताच्या ओरखड्यांतून अंगात शिरतात. लावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले तर "पावसात भिजलो म्हणून" असं म्हणत घरी पडून राहू नका. आरोग्य केंद्रात जा आणि शेतात उतरलो होतो, उंदीर हाताळले होते, हे आपणहून सांगा. जोखमीचं काम करणाऱ्यांना पावसाळ्यात तिथून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्याही देतात. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

मेलेला उंदीर, घरट्यातल्या चिंध्या सगळं दीड-दोन फूट खोल पुरा, विहिरीपासून लांब. पिंजरा उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात ठेवा. मोजे मांगरातल्या खुंटीलाच अडकवायचे. मी एकदा ते चुलीपाशी सुकत घातले होते, त्या दिवशी काकीने मला जेवायला पडवीत वाढलं.